मेकअपच्या २१ हजारांच्या अ‍ॅडव्हान्सपैकी १६ हजार परत कसे मिळाले

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या मेकअपसाठी आम्ही २१,००० रुपये अ‍ॅडव्हान्स दिले होते, लग्न पुढे ढकलावं लागलं आणि समोरून उत्तर आलं की पैसे नॉन रिफंडेबल आहेत. त्यातले १६,००० परत मिळाले पण नोव्हेंबर ते एप्रिल असे पाच महिने गेले. सगळं एका जागी लिहून ठेवतेय कारण तेव्हा आम्ही ज्याला त्याला विचारत होतो आणि उत्तरं दोनच प्रकारची यायची, एक तर "लिहिलंय ना नॉन रिफंडेबल, मग सोडून द्या" नाहीतर "केस ठोका सरळ". या दोन्हीच्या मधे बरंच काही करता येतं ते कोणी सांगत नव्हतं. मी वकील नाही, साताऱ्यात एका सीएच्या ऑफिसात कामाला आहे, त्यामुळे कागद लावून ठेवायची सवय आहे आणि त्या सवयीचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

धाकटी कराडला असते, तिथेच शाळेत शिकवते. लग्न ३० नोव्हेंबरला कराडलाच होतं. मेकअपवाल्या मॅडम पुण्याच्या, इन्स्टावर त्यांचं काम बघून तिला आवडलं होतं, आणि त्यांचा हात खरंच चांगला आहे हे मी आजही म्हणेन, ट्रायलला नऊवारीवर केलेला लुक बघून आईच्या डोळ्यात पाणी आलं होतं. पॅकेज ४२,००० चं ठरलं, त्यात लग्न आणि रिसेप्शन असे दोन लुक, हेअर, साडी नेसवणं, आईचा आणि माझा साधा मेकअप आणि पुण्याहून येण्याजाण्याचा खर्च. १४ जुलैला मेसेज आला "डिअर डेट ब्लॉक करायची असेल तर ५ हजार पाठवा", लगेच पाठवले. १६ सप्टेंबरला "निम्मे पूर्ण करा" म्हणाल्या, अजून १६,००० पाठवले. पावती ना जुलैत मिळाली ना सप्टेंबरात, यूपीआयचा मेसेज तेवढा राहिला. ११ ऑक्टोबरला पुण्याला जाऊन ट्रायल झाली.

६ नोव्हेंबरला तिच्या होणाऱ्या सासऱ्यांना हार्ट अटॅक आला. दोन दिवसांत बायपास करावी लागली आणि मग लग्नाचं बोलायची कोणाची इच्छाच राहिली नाही, दोन्ही घरांनी बसून २२ फेब्रुवारी ही नवीन तारीख धरली. त्याच दिवशी, म्हणजे ८ नोव्हेंबरला, लग्नाला २२ दिवस असताना आम्ही सगळ्यांना कळवलं. कार्यालयवाल्यांनी तारीख बदलायचे ५,००० घेतले, केटररने सगळी रक्कम नवीन तारखेला धरली, बँडवाल्यांना आप्पांनी सुपारी दिलेली होती तर ते फोनवर म्हणाले "आप्पा, पाहुण्यांची तब्येत बघा आधी, सुपारी कुठं जातीय". मेकअपवाल्या मॅडमचं उत्तर ९ तारखेला आलं. ऐकून वाईट वाटलं, पण २२ फेब्रुवारी आधीच बुक आहे, आणि पॉलिसीप्रमाणे अ‍ॅडव्हान्स नॉन रिफंडेबल आणि नॉन ट्रान्सफरेबल आहे. म्हणजे नवीन तारखेला त्या येऊ शकत नाहीत आणि पैसेही देणार नाहीत.

आप्पा म्हणाले इसार गेला म्हणायचं आणि गप्प बसायचं, जमिनीच्या व्यवहारात घेणारा मागे सरला की इसार बुडतो हे त्यांनी आयुष्यभर बघितलंय. त्यांचं चुकीचं नव्हतं. पण इसार म्हणजे शब्द पक्का केल्याची खूण म्हणून दिलेली छोटी रक्कम, आणि अ‍ॅडव्हान्स म्हणजे पुढे होणाऱ्या कामाचे आधी दिलेले पैसे, हे दोन वेगळे आहेत, आणि आमच्या २१,००० मधे दोन्ही मिसळलेलं होतं. हे मला तेव्हा स्पष्ट कळलं नव्हतं, पुढे कळलं, आणि शेवटचा हिशोब याच फरकावर झाला.

पहिले दोन आठवडे आम्ही फोन आणि व्हॉइस नोटवर घालवले, त्यातून काहीच निघालं नाही. एक शनिवारी मी कराडला गेले आणि आम्ही दोघी जमिनीवर बसून जुलैपासूनचं सगळं चॅट वरून खाली वाचलं. तिला वाटत होतं की अटी आधीच सांगितल्या होत्या, मलाही तिने तसंच सांगितलं होतं. पण वाचताना असं दिसलं की जुलैत ५,००० मागताना पैसे परत मिळणार नाहीत असा एक शब्द नाही. सप्टेंबरात १६,००० पाठवल्याचा स्क्रीनशॉट रात्री ८:३१ ला गेलाय, त्यावर "थँक्यू डिअर" आलंय आणि त्यानंतर ९:०४ ला दोन पानांची पीडीएफ आलीय, ज्यात दुसऱ्या पानावर सातव्या नंबरला बारीक अक्षरात ती अट आहे. म्हणजे आधी सगळे पैसे घेतले आणि अर्ध्या तासाने अटी पाठवल्या. धाकटीने त्यावर अंगठा दाखवला होता, पीडीएफ उघडली पण नव्हती. तो अंगठा आमच्या विरोधात जाणार हे मी तिला तेव्हाच सांगितलं, पण वेळेचा क्रम आमच्या बाजूने होता. चॅटचे नुसते स्क्रीनशॉट काढू नका, एक्सपोर्ट चॅट करून पूर्ण फाइल स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा, त्यात प्रत्येक मेसेजला तारीख वेळ येते. झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढताना आमच्या स्क्रीनशॉटच्या वरची तारखेची पट्टीच कापली गेली होती, एक्सपोर्ट केलेली फाइल होती म्हणून निभावलं.

३० नोव्हेंबर, म्हणजे जी लग्नाची मूळ तारीख होती त्या दिवशी संध्याकाळी चुलत बहिणीचा फोन आला की मॅडमची स्टोरी बघ. चिंचवडच्या एका हॉलमधली नवरी, पिवळा शालू, हिरवा चुडा, आणि वर लिहिलेलं "आजची ब्राइड". धाकटी पाच मिनिटं काहीच बोलली नाही, त्या तारखेला ती स्वतः तिथे बसलेली असायची. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. ज्या तारखेसाठी आमचे पैसे अडकवून ठेवलेत ती तारीख भरली, त्यांना काम मिळालं, मग आमचे २१,००० कशाबद्दल ठेवून घेतलेत? स्टोरी चोवीस तासात जाते म्हणून लगेच स्क्रीन रेकॉर्डिंग केलं, हॅंडल, वेळ, सगळं दिसेल असं. त्या नवरीचा चेहरा आम्ही पुढे कुठल्याही कागदावर झाकून लावला, तिचा यात काही संबंध नाही.

यानंतर जे केलं त्यातलं निम्मं वाया गेलं, ते थोडक्यात सांगते. ३ डिसेंबरला दादा पुण्याला स्टुडिओत गेला, आवाज चढले, त्यांनी सीसीटीव्हीकडे बोट दाखवलं आणि तो परत आला. तो गेला नसता तर बरं झालं असतं, कारण पुढे त्यांच्या वकिलाने पहिलं वाक्य तेच काढलं की तुमचा भाऊ येऊन धमकावून गेला. ५ तारखेला पोलिसांकडे गेलो तर त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की हा सिव्हिल मॅटर आहे. राग आला होता पण ते बरोबर होतं. फसवणुकीचा गुन्हा, जो पूर्वी ४२० होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, त्यात पैसे घेतानाच फसवायचा हेतू असावा लागतो. इथे बाईंनी ट्रायल केली होती, काम करायची त्यांची तयारी होती, लग्न आमच्याकडून पुढे गेलं. नंतर पैसे परत दिले नाहीत एवढ्याने ती फसवणूक होत नाही.

चुलत बहीण म्हणत होती की गूगलवर आणि इन्स्टावर सगळ्यांनी मिळून वन स्टार देऊ आणि पैसे दिले तर काढू. मी तिला हात जोडले. स्वतःचा खरा अनुभव लिहिणं वेगळं, पण पैसे द्या नाहीतर बदनामी करू असं लेखी गेलं की आपलीच बाजू काळी होते, आणि ज्यांनी सेवा घेतलीच नाही त्यांनी रिव्ह्यू लिहिणं तर सरळ खोटेपणा आहे.

६ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन केला. तिथे तक्रार नोंदवून डॉकेट नंबर मिळतो आणि ते समोरच्या व्यावसायिकाकडे तक्रार पोचवून तडजोडीचा प्रयत्न करतात, पण हुकूम द्यायचा अधिकार त्यांना नसतो, समोरच्याने उत्तरच दिलं नाही तर गोष्ट तिथेच थांबते. आमच्या बाबतीत समोरून उत्तर आलं नाही. तरी फोन करा असंच मी म्हणेन, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि नोटिशीत "आम्ही हेल्पलाइनवर तक्रार केली होती, डॉकेट नंबर अमुक" असं लिहिता येतं, त्याने कागदाला वजन येतं.

आता कायद्याचं, जेवढं मला वाचून आणि ऑफिसात येणाऱ्या एका वकील मॅडमना विचारून कळलं तेवढं. आपला करार कायदा १८७२ चा आहे, त्याचं कलम ७४ असं म्हणतं की करारात मोडल्याबद्दलची रक्कम लिहिलेली असली तरी ती आपोआप मिळत नाही, लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत जी वाजवी भरपाई असेल तेवढीच मिळते. याच्यावर सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत. १९६३ चा फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास, त्यात घराच्या व्यवहारात २५,००० दिले गेले होते, त्यातले १,००० इसाराचे म्हणून ठेवायला अडचण नव्हती पण बाकीचे २४,००० करारात लिहिलंय म्हणून जप्त करता येणार नाहीत असं कोर्टाने ठरवलं. आणि २०१५ चा कैलाशनाथ विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण, हा वाचल्यावर तर मी धाकटीला रात्री फोन केला. एका कंपनीने प्राधिकरणाच्या लिलावात ३.१२ कोटीला प्लॉट घेतला, ७८ लाख भरले, व्यवहार फिसकटला, प्राधिकरणाने ७८ लाख जप्त केले, आणि पुढे तोच प्लॉट ११.७८ कोटीला विकला. कोर्टाने म्हटलं नुकसान झालंच नाही तर भरपाई कसली, पैसे परत करा. त्या खटल्यात करार नक्की कोणी मोडला हाही मोठा मुद्दा होता, त्यामुळे तो जसाच्या तसा आमच्यावर चिकटत नव्हता, पण प्लॉटच्या जागी ३० नोव्हेंबर ही तारीख ठेवून बघा. तारीख पुन्हा विकली गेली.

आमची कच्ची बाजूही लिहिते कारण ती लपवून काही मिळत नाही. लग्न आम्ही हलवलं, त्यांनी नाही. त्यांनी दोन तास देऊन ट्रायल केली होती, सामान वापरलं होतं. आणि मेकअपवाल्यांचं म्हणणंही मला पटतं, सीझनला मुहूर्ताचे दिवस मोजकेच असतात, एक दिवस रिकामा गेला तर तो काही पुन्हा येत नाही, लोक आठ दिवस आधी कॅन्सल करतात आणि मग त्यांनी काय करायचं. त्यांची ३० तारीख खरंच रिकामी गेली असती तर मी धाकटीला सांगितलं असतं की यातले बरेचसे पैसे त्यांचे आहेत, सोड. पण तसं झालं नव्हतं. म्हणून आम्ही पूर्ण २१,००० कधीच मागितले नाहीत. ट्रायलचे त्या एरवी २,५०० घेतात हे त्यांच्याच रेट कार्डवर होतं, ते वजा करून १८,५०० मागितले.

नोटीस पाठवायची तर कोणाला आणि कुठे हा प्रश्न आला. इन्स्टाचं हॅंडल म्हणजे पत्ता नव्हे, आणि ब्रँडचं नाव म्हणजे माणसाचं नाव नव्हे. यूपीआयची जुनी एंट्री उघडली तर दोन्ही वेळचे पैसे त्यांच्या मिस्टरांच्या नावाच्या खात्यात गेलेले. स्टुडिओचा पत्ता पीडीएफच्या तळाला होता, दादाने तिथे जाऊन बोर्डाचा फोटो काढलेला होता, तेवढा त्याच्या फेरीचा उपयोग झाला. म्हणून नोटीस दोघांच्याही नावाने काढली, मॅडम ब्रँडच्या नावासह आणि मिस्टर ज्यांच्या खात्यात पैसे गेले म्हणून. ही गोष्ट सुटली असती तर पुढे "माझ्या खात्यात पैसे आलेच नाहीत" असं ऐकायला मिळालं असतं.

नोटीस मी स्वतः लिहिली, मराठीत, एकच पान. वकिलाकडूनच पाठवावी लागते असं काही नाही. मजकूर साधारण असा होता, "आपण दि. १४ जुलै रोजी रु. ५,००० व दि. १६ सप्टेंबर रोजी रु. १६,००० असे एकूण रु. २१,००० स्वीकारले, व्यवहार क्रमांक सोबत जोडले आहेत. परताव्याबाबतची अट सर्व रक्कम स्वीकारल्यानंतर रात्री ९:०४ वाजता पाठवण्यात आली. वैद्यकीय कारणामुळे तारीख बदलल्याचे आपणास २२ दिवस आधी कळवले होते. दि. ३० नोव्हेंबर रोजी आपण अन्य ग्राहकाचे काम स्वीकारल्याचे आपल्याच पोस्टवरून दिसते, त्यामुळे आपले नुकसान झालेले नाही. ट्रायलचे रु. २,५०० वजा जाता रु. १८,५०० ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत परत करावेत, अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागेल." यात एकही विशेषण नाही, कोणी कोणाला फसवलं असं नाही. धाकटीने पहिला मसुदा केला होता त्यात "माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात नाजूक काळात" वगैरे होतं, आणि ते खरंच होतं, पण ते काढायला लावलं, कारण वाचणाऱ्याने तारीख आणि रकमेवरच थांबलं पाहिजे.

१८ डिसेंबरला स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवली, तोच कागद पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर आणि मेलवरही. २० तारखेला पोचली. निळ्या टिका झाल्या. दोन दिवसांनी मेसेज आला की गुडविल म्हणून ५,००० देते, विषय बंद करा. आई म्हणाली घे, आलेत तेवढे घे. धाकटीही डगमगली होती. मी तिला एवढंच म्हटलं की मागताना आपण त्यांचं जे आहे ते सोडून मागितलंय, मग आपलं सोडायची घाई कशाला. तिने लिहिलं की आम्ही हिशोब दिलाय, तुमचा हिशोब लेखी पाठवा, काय खर्च झाला ते दाखवा, आम्ही बघू. त्यावर काही आलं नाही. मुदत ४ जानेवारीला संपली.

ग्राहक आयोगाबद्दल आमचा मोठा गैरसमज असा होता की पुण्याच्या बाई म्हणजे पुण्याला केस, म्हणजे प्रत्येक तारखेला कराडहून दीडशेच्या वर किलोमीटर. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे आमच्यासाठी सातारा, जिथे मी रोज ऑफिसला जाते. ५ लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत यायचं असतं. वकील लागतोच असं नाही, स्वतः मांडता येतं. आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो, आधी ई-दाखिल होतं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आलंय.

तक्रारीत काय म्हणायचं यावर वकील मॅडमनी एक चांगली गोष्ट सांगितली. आम्ही लिहिणार होतो की ही अटच बेकायदा ठरवा. त्या म्हणाल्या, अन्याय्य करार ही व्याख्या कायद्यात आहे, कलम २ च्या ४६ व्या पोटकलमात, झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणारी अट त्यात बसते, पण अशी अट रद्दबातल ठरवायचा अधिकार कायद्याने राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला दिलाय, जिल्हा आयोगाच्या कलमात तसं लिहिलेलं नाही. १८,५०० साठी तुम्ही राज्य आयोगात जाणार का? मग तो मुद्दा मुख्य मागणीत घेऊ नका. त्याऐवजी काम न करता आणि नुकसान न होता पैसे ठेवणं, अटी पैसे घेतल्यावर पाठवणं आणि पावती न देणं यावर तक्रार उभी करा. पावती किंवा बिल न देणं हे सरळ अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत लिहिलेलं आहे, हे मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर निम्म्या पार्लरवाल्यांना पण माहीत नसेल.

१९ जानेवारीला अर्ज भरला. सोबत प्रतिज्ञापत्र नोटरी करून, चॅटची पूर्ण प्रिंट, बँक स्टेटमेंट, नोटीस आणि पोचपावती, स्टोरीचे फोटो, आणि सासऱ्यांच्या डिस्चार्ज कार्डची प्रत त्यांची परवानगी घेऊन. मोबाइलमधल्या गोष्टी पुरावा म्हणून द्यायच्या तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली एक प्रमाणपत्र जोडतात, की हे माझ्याच फोनमधलं आहे आणि बदल केलेला नाही, तेही धाकटीच्या सहीने लावलं. मागणी १८,५०० आणि खर्चापोटी ५,०००. मानसिक त्रासाचे लाखभर मागा असं सांगणारे बरेच भेटले, पण आम्हाला आमचा हिशोब खरा दिसायला हवा होता.

मधे २२ फेब्रुवारीला लग्न झालं, छान झालं, सासरे खुर्चीत बसून होते पण होते. मेकअप कराडच्याच एका पार्लरवाल्या ताईंनी केला, १५,००० मधे, ३,००० अ‍ॅडव्हान्स, आणि त्यांनी पावतीपुस्तकातली पावती फाडून दिली ज्यावर पेनाने लिहिलं होतं "१५ दिवस आधी कळवल्यास निम्मे परत". धाकटी ती पावती हातात घेऊन बघतच राहिली होती.

तक्रार दाखल करून घेतली गेली आणि आयोगाची नोटीस दोघांना गेली, तारीख ७ एप्रिल. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात आणि फार तर १५ वाढवून मिळतात, त्यापुढे नाही. २६ मार्चला त्यांच्या वकिलांचा मला फोन आला. आधी दादाचं स्टुडिओत जाणं काढलं. मी म्हटलं ते झालं ते चुकलं, त्याबद्दल मी माफी मागते, आता पैशाचं बोलू. मग ते म्हणाले अट वाचून तुमच्या बहिणीने अंगठा पाठवलाय. मी म्हटलं ८:३१ आणि ९:०४ बघा. ते थोडे थांबले. मग म्हणाले ५,००० तर डेट ब्लॉकचेच होते, मेसेजमधेच तसं लिहिलंय, ते इसार झाले, ते कसे मागता? आणि इथे ते बरोबर होते. जुलैच्या मेसेजमधे शब्दच तो होता, डेट ब्लॉक. आप्पा पहिल्या दिवशी जे म्हणाले तेच वकिलांच्या तोंडून आलं, फक्त २१,००० बद्दल नाही तर ५,००० बद्दल. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत ती तारीख त्यांनी आमच्यासाठी खरंच धरून ठेवली होती, त्या काळात आलेल्यांना नाही म्हटलं असणार.

मी धाकटीला आणि आप्पांना विचारून दुसऱ्या दिवशी कळवलं की ५,००० सोडतो, ट्रायलचे २,५०० त्यातच धरा, वेगळे कापायचे नाहीत, १६,००० पूर्ण द्या. व्याज आणि खर्च सोडला. त्यांनी १०,००० आता आणि ६,००० मे मधे असं काढलं, त्याला नाही म्हटलं. हप्त्याला मी नाहीच म्हणते अशा वेळी, पहिला येतो आणि दुसऱ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एक पानाचा तडजोडनामा झाला, त्यात वाक्य असं घालून घेतलं की रक्कम तक्रारदाराच्या खात्यात जमा झाल्यावरच तक्रार मागे घेतली जाईल. समोरून आधी उलटं होतं, की तक्रार मागे घ्या मग सात दिवसांत देतो. हे वाक्य कोणत्या क्रमाने लिहिलंय ते नीट बघा, चॅटमधे जसं आम्हाला वेळेच्या क्रमाने वाचवलं तसंच हे आहे. आमच्या बाजूने त्यांनी एक वाक्य मागितलं, की या विषयावर सोशल मीडियावर त्यांचं नाव घेऊन लिहिणार नाही. ते आम्ही दिलं, आणि म्हणून इथे नाव नाहीये.

कोणी विचारेल की निकालापर्यंत थांबलो असतो तर जास्त मिळालं असतं का. कदाचित मिळालं असतं. आयोगाचा आदेश पाळला नाही तर कलम ७२ खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा कमीत कमी २५,००० दंड असं कडक कलम आहे, त्यामुळे आदेश मिळाला की पैसे बुडत नाहीत सहसा. पण तारखा पडत राहिल्या असत्या आणि धाकटीला तो विषय डोक्यातून काढायचा होता. आमचा खर्च झाला तो नोटरी, प्रिंट, पोस्ट आणि माझी एक अर्ध्या दिवसाची रजा. वकील लावायची वेळ आली असती तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाणार होतो, तिथे बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो मोफत वकील मिळू शकतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यात तशी तरतूदच आहे, आणि हे आपल्याकडच्या फार थोड्या बायकांना माहीत आहे म्हणून मुद्दाम लिहितेय.

४ एप्रिलला दुपारी पैसे आले, या वेळी मॅडमच्या स्वतःच्या खात्यातून. धाकटीने स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली काहीच लिहिलं नाही. आप्पांना सांगितलं तर त्यांनी विचारलं किती, मी म्हटलं सोळा, तर म्हणाले "बरोबर आहे, इसार तेवढा गेला". ७ तारखेला आम्ही दोघी आयोगात गेलो, रक्कम मिळाली असून तक्रार पुढे चालवायची नाही अशी पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, तिने सही करून दिली, त्यांच्या वकिलांनीही सही केली, आणि साडेअकराच्या एसटीने ती कराडला परत गेली, दुपारच्या शाळेला पोचायचं होतं.